पाण्यानेच ठसका का लागतो? अन्ननलिका आणि गिळण्याच्या क्रियेविषयी काही प्रश्न

महालची शिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात महाल भागातील एका शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. पचनसंस्थेच्या धड्यात दात, लाळ, जठर आणि आतडी यांवर पुष्कळ बोलणे होते. अन्ननलिका मात्र ‘तोंडाकडून जठराकडे अन्न नेणारी नळी’ एवढ्यावर आटोपते. यंदा एका विद्यार्थ्याने विचारले की, शीर्षासनात पाणी प्यायले तर ते पोटात जाईल का, आणि जात असेल तर ते चढवते कोण? त्यापाठोपाठ वर्गातून आणखी प्रश्न आले. घशात दोन वाटा असताना घास नेमका मागच्याच वाटेला कसा लागतो? गिळताना श्वास चालू असतो की थांबतो? एकदा गिळायला घेतलेला घास मध्येच थांबवता का येत नाही?

एक प्रश्न घरचाही आहे. माझे सासरे पंचाहत्तरीला आले आहेत. गेल्या काही महिन्यांपासून त्यांना पाणी पिताना आणि चहाचा शेवटचा घोट घेताना हमखास ठसका लागतो. पोळी-भाजी, घट्ट वरण-भात, ज्वारीची भाकरी हे सगळे ते व्यवस्थित जेवतात. पाणी ते जुन्या सवयीने तांब्या ओठांना न लावता, मान मागे टाकून वरून पितात. ज्याला भाकरी गिळता येते त्याला पाणी अवघड जाईलच कसे, हे नुसते घाईने पिणे आहे, असे घरातल्यांचे मत आहे. जाणकारांनी आधी रचना आणि मग क्रिया अशा क्रमाने, हात आखडता न घेता लिहावे, ही विनंती.

रेशीमबागवाला

मॅडम, माझ्या समजुतीप्रमाणे यात मुख्य काम गुरुत्वाकर्षणाचे आहे. म्हणून तर आडवे पडून जेवू नये असे घरोघरी सांगतात. नळी उभी आहे, वरून टाकलेले खाली जाणारच.

निवृत्त प्राध्यापक, शरीररचनाशास्त्र

रेशीमबागवाले म्हणतात त्यात थोडे तथ्य आहे, पण ते शेवटी येईल. आधी नळी पाहू.

प्रौढ माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. मानेत, स्वरयंत्राच्या खालच्या कडेशी, म्हणजे सहाव्या मानेच्या मणक्याच्या पातळीवर ती सुरू होते, श्वासनलिका आणि पाठीचा कणा यांच्या मधून छातीत उतरते, खाली हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या मागून जाते, दहाव्या वक्षीय मणक्याच्या पातळीवर श्वासपटलातील छिद्रातून पोटात शिरते आणि जेमतेम एक-दोन सेंटिमीटरवर जठराला मिळते. तक्त्यावर ती नळाच्या पाइपासारखी सदा उघडी दाखवतात, ते खरे नव्हे. रिकामी असताना ती पुढून-मागून चपटी होऊन मिटलेली असते आणि घास आला की तेवढ्यापुरती फुगते. या फुगण्याची सोय शेजारणीनेही ठेवली आहे. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या पूर्ण गोल नसतात. मागच्या बाजूला, जिथे अन्ननलिका टेकते तिथे, त्या उघड्या असतात आणि ती जागा मऊ स्नायूने भरलेली असते. मुलांना तक्ता दाखवताना ही जागा बोटाने दाखवावी. एवढे बारीक काम सहसा नजरेतून सुटते.

नळीच्या आतले अस्तर अनेक थरांच्या चपट्या पेशींचे असते. ते घर्षण सोसते, पण जठरातले आम्ल फार काळ सोसत नाही. त्याखालच्या थरातील ग्रंथी चिकट स्राव सोडून वाट बुळबुळीत ठेवतात. त्याबाहेर स्नायूंचे दोन थर आहेत: आतल्या थराचे तंतू नळीभोवती गोल गुंडाळलेले आणि बाहेरच्या थराचे तंतू लांबीच्या दिशेने गेलेले. गंमत अशी की, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात हे स्नायू हातापायांसारखे रेखांकित असतात, खालच्या हिश्श्यात आतड्यांसारखे अरेखांकित असतात आणि मधल्या भागात दोन्हींची सरमिसळ असते. दोन्ही टोकांना आवळून धरणारी दारे आहेत. वरचे दार एरवी घट्ट मिटलेले असते, म्हणून श्वास घेताना हवा अन्ननलिकेत शिरत नाही. खालचे मिटलेले असते, म्हणून जठरातले आम्ल वर येत नाही.

आता क्रिया. हवेची वाट नाकाकडून, म्हणजे वरून आणि मागून येते आणि पुढच्या बाजूच्या श्वासनलिकेत जाते. अन्नाची वाट तोंडाकडून, म्हणजे पुढून येते आणि मागच्या अन्ननलिकेत जाते. साहजिकच घशात दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात. आपल्या नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे लोहमार्ग जसे एकाच पातळीवर छेदतात, तसाच हा प्रकार आहे. एका मार्गावरची वाहतूक थांबवल्याशिवाय दुसऱ्यावरून गाडी सोडता येत नाही.

ही वाहतूक थांबवण्याचे काम साधारण एका सेकंदात उरकते. चावून, लाळेत कालवून झालेला घास जीभ टाळूला टेकून मागे लोटते. इथपर्यंत सर्व आपल्या इच्छेने चालते आणि घास तोंडातून बाहेरही काढता येतो. घास घशाच्या सुरुवातीच्या भागाला लागला की तेथील संवेदना चेतांमार्फत मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या अगदी खालच्या भागात, पोहोचते आणि पुढचा सगळा कार्यक्रम तिथून चालतो. मृदू टाळू पडजिभेसह वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. श्वास थांबतो. स्वररज्जू एकमेकींना चिकटतात. स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाऊन जिभेच्या मुळाखाली दडते, आणि एपिग्लॉटिस ही कूर्चेची पाती त्याच्या तोंडावर झुकते. वर्गात सगळे श्रेय या पातीला दिले जाते, पण माझ्या मते खरे कुलूप स्वररज्जूंचे आणि स्वरयंत्राच्या उचलले जाण्याचे आहे. त्याच उचलले जाण्याने अन्ननलिकेचे वरचे दारही ओढून उघडले जाते. म्हणजे एकाच हालचालीत एक वाट मिटते आणि दुसरी उघडते. मुलांना कंठमण्यावर हलकेच बोट ठेवून आवंढा गिळायला सांगा, म्हणजे तो वर उडी मारून परत खाली आलेला बोटालाच कळेल. मग त्यांना ती उडी मध्येच थांबवून पाहायला सांगा. सुटलेला कार्यक्रम मागे का घेता येत नाही, हे वेगळे समजावण्याची गरज उरणार नाही. गिळून झाल्यावर बहुधा आपण श्वास आधी बाहेर सोडतो, त्यामुळे दारात राहिलेला एखादा कणही बाहेर फुंकला जातो.

अन्ननलिकेत आल्यावर घासाच्या मागचे गोल तंतू आवळतात आणि पुढचे सैल पडतात. ही आवळण्याची लाट सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर वेगाने खाली सरकते. २५ सेंटिमीटरच्या नळीला त्यामुळे सहा ते आठ सेकंद लागतात. खालचे दार लाटेची वाट पाहत नाही. गिळण्याचा हुकूम सुटताच थोड्याच वेळात ते सैल होते आणि लाट येऊन पोहोचेपर्यंत तसेच राहते. काही मागे राहिले तर नळीच्या भिंतीला झालेल्या ताणानेच दुसरी लाट उठते आणि ती, आपण न गिळताही, राहिलेले झाडून नेते. घटाघटा पाणी पिताना निराळेच घडते: प्रत्येक नवा घोट आधीची लाट थांबवतो, नळी सैल आणि खालचे दार उघडे राहते, आणि शेवटच्या घोटानंतर एकच लाट सगळे पुसून घेते.

आता गुरुत्वाकर्षण. उभ्याने प्यायलेले पाणी लाटेच्या कितीतरी आधी, एक-दोन सेकंदांत खाली पोहोचते, तेवढी मदत गुरुत्वाकर्षण नक्कीच करते. पण ती मदत आहे, आधार नव्हे. भारहीन अवस्थेत माणसाला गिळता येईल का, याची डॉक्टरांना खरोखरच शंका होती. १९६२ साली जॉन ग्लेन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा करताना नळीतून सफरचंदाचा गर खाल्ला आणि तो बिनतक्रार गिळला. तेव्हा शीर्षासनातले पाणीही पोटात जाईल. विद्यार्थ्याला प्रयोग मात्र करू देऊ नका, कारण उलट्या अवस्थेत नाकाकडे पाणी जाण्याचा त्रास वेगळा.

वाचा-उपचारतज्ज्ञ, नागपूर

सरांनी वाटा मोकळ्या करून दिल्या आहेत, त्यामुळे मी थेट आजोबांकडे येते. गिळण्याच्या तक्रारी तपासणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि ‘भाकरी जाते, पाणी जात नाही’ हे वाक्य मी वरचेवर ऐकते. घरच्यांना ते उलटे वाटते, पण घशाच्या हिशेबाने ते सरळ आहे.

चावलेला घास एकसंध असतो आणि सावकाश सरकतो. जीभ त्याला ताब्यात ठेवते आणि तो घशात पोहोचेपर्यंत स्वरयंत्राला मिटायला सवड मिळते. पाण्याला आकार नसतो, ते जिभेच्या कडांवरून घरंगळते आणि क्षणात घशात पोहोचते. तरुण माणसाच्या घशाला तेवढा क्षण पुरतो. वय वाढते तशी गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया थोडी उशिरा सुरू होते, आणि दार मिटण्याआधी पाण्याचा पहिला थेंब दारात येऊन उभा राहतो. ठसका म्हणजे त्या थेंबाला बाहेर हाकलणे होय. ठसका येतो आहे, याचा अर्थ राखणदार जागा आहे. मला जास्त काळजी त्या रुग्णांची वाटते, ज्यांच्या श्वासनलिकेत पाणी जाऊनही ठसका येत नाही. त्यांचा प्रश्न पुष्कळदा वारंवार होणाऱ्या न्यूमोनियानेच उघड होतो.

आता वरून पाणी पिण्याविषयी. आपल्याकडे ही सवय स्वच्छतेची मानली जाते आणि तरुणपणी तिने काही बिघडत नाही. पण मान मागे टाकली की तोंड आणि घसा एका उतारावर येतात, श्वासमार्गाचे तोंड अधिक उघडे राहते, आणि पाणी तोंडात न थांबता थेट घशात पडते, म्हणजे जिभेने घोट जमवून मागे लोटण्याचा पहिला टप्पा जवळजवळ गळूनच जातो. ज्यांची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली आहे, त्यांच्यासाठी याहून प्रतिकूल रीत सापडणे कठीण. चहाच्या शेवटच्या घोटाचेही तेच: कप रिता करण्यासाठी मान मागे जाते.

त्यांना ताठ बसवून, रुंद तोंडाच्या पेल्यातून, मान मागे न टाकता, लहान घोटांनी पाणी द्या. एक घोट गिळून झाल्यावरच दुसरा घ्यावा आणि त्या वेळी कोणी त्यांच्याशी बोलू नये. दूरदर्शन संचही बंद असावा. चहात बुडवलेला टोस्ट, पातळ आमटी आणि मोकळा भात असे पदार्थ, ज्यात घन आणि द्रव एकाच वेळी सांभाळावे लागतात, ते तूर्त टाळलेले बरे. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची एक रीत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती काहींना उपयोगी पडते आणि काहींना अजिबात नाही, म्हणून तपासणीशिवाय ती सुरू करू नये. पाणी घट्ट करण्याच्या पावडरीबद्दलही माझे हेच मत आहे.

पण ‘वयच झाले’ म्हणून हे सोडून देऊ नका. काही महिन्यांत नव्याने सुरू झालेल्या ठसक्यामागे लहानसा पक्षाघात, पार्किन्सन्ससारखा आजार किंवा एखादे गुंगी आणणारे औषध असू शकते. पाणी प्यायल्यावर त्यांचा आवाज ओला, घरघरता होतो का, ते लक्ष देऊन ऐका. नाकातून लवचीक दुर्बीण घालून गिळताना प्रत्यक्ष पाहता येते, किंवा बेरियम मिसळलेले पदार्थ देऊन एक्स-रेची चलचित्रे घेता येतात. सुरुवात नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागातून करता येईल.

बर्डीचा रहिवासी

विषयाला धरूनच एक शंका विचारतो. सकाळी तर्री-पोहे आणि रात्री सावजी, असा दिवस गेला की रात्री आडवे पडल्यावर छातीच्या मधोमध आग होते आणि आंबट पाणी घशाशी येते. हे अन्ननलिकेचे की हृदयाचे? आणि ठसका लागला की घरात डोक्यावर थोपटून ‘वर बघ, वर बघ’ म्हणतात, त्याचा काही उपयोग असतो का?

पोटविकारतज्ज्ञ

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. थोपटण्याने काही होत नाही, आणि वर पाहिल्याने श्वासमार्ग उलट अधिक उघडा होतो. माणूस खोकत असेल, आवाज काढत असेल, तर त्याला पुढे झुकून खोकू द्यावे आणि वरून पाणी पाजू नये. आवाजच फुटत नसेल, श्वास अडकला असेल आणि हात गळ्याकडे जात असतील, तर मात्र थांबायचे नाही. पुढे वाकवून पाठीवर, खांद्याच्या फऱ्यांच्या मधोमध, तळहाताने जोरदार फटके द्यावेत, आणि त्याने न सुटल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर असा झटका द्यावा. पोटावरचा हा झटका हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली मांडला.

आता जळजळ. खालचे दार म्हणजे वेगळी झडप नव्हे; तो तीन-चार सेंटिमीटर लांबीचा, सतत आवळलेला स्नायूंचा पट्टा आहे आणि बाहेरून श्वासपटलाचे तंतूही त्याला चिमटीत धरतात. हे दार दिवसातून अनेकदा, न गिळताही, थोडा वेळ सैल होते. ढेकर त्यामुळेच येते. जठर तुडुंब भरलेले असले की असे सैल होणे वाढते, आणि तेलकट जेवण जठरातून उशिरा पुढे सरकत असल्याने त्यात भर पडते. आडवे झाल्यावर गुरुत्वाकर्षणाची मदतही जाते. म्हणून तुमच्या प्रश्नात तिखटापेक्षा तेलाचा तवंग, जेवणाची मात्रा आणि जेवून लगेच झोपणे हे मोठे दोषी आहेत, असे माझे मत आहे. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरका, पलंगाची उशाकडची बाजू विटा ठेवून उंच करा, नुसत्या उशा रचू नका, आणि शक्यतो डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर अन्ननलिकेचे तोंड जठरातील आम्लाच्या वरच्या पातळीवर राहते.

हृदयाचे की अन्ननलिकेचे, हे लक्षणांवरून घरी ठरवू नये. दोन्ही अवयव छातीत शेजारी आहेत आणि त्यांच्या वेदना मेंदूला जवळपास एकाच पत्त्यावरून येतात. छातीत दाब, घाम, दम लागणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यांपैकी काहीही असेल, तर आधी ईसीजी, आम्लाची गोळी नंतर.

घन पदार्थ अडकणे ही मात्र वेगळी तक्रार आहे. आधी भाकरी, मग मऊ भात, मग पातळ पदार्थ, अशा क्रमाने वाढत जाणारा अडथळा, सोबत वजन घटणे, हे नळी आतून अरुंद होत असल्याचे लक्षण असते आणि त्यात दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकू नये. याउलट घन आणि द्रव दोन्ही पहिल्यापासून अडकत असतील, तर बहुधा लाटेत किंवा खालच्या दाराच्या सैल होण्यात दोष असतो. अ‍ॅकॅलेझिया या आजारात दार सैलच होत नाही. १६७४ साली थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी अशा एका रुग्णासाठी व्हेल माशाच्या हाडाला स्पंज बांधून घास खाली ढकलण्याचे साधन केले होते. आज तेच दार दुर्बिणीतून आतल्या आत स्नायू कापून सैल करता येते. रुग्ण बोट ठेवून दाखवतात ती जागाही फसवी असते. छातीत खाली अडथळा असला तरी अनेक जण गळ्याकडेच बोट दाखवतात.

नागपुरात राहून एक गोष्ट न लिहिणे चुकीचे ठरेल. सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडाचे नुकसान करतो हे सर्वांना ठाऊक आहे, पण तंबाखूचा तो रस गिळलाही जातो, आणि बिनधुराच्या तंबाखूने अन्ननलिकेचाही कर्करोग होतो. कढत चहाबद्दल आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली, ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाची पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असा निष्कर्ष दिला. टपरीवरचा चहा दोन मिनिटे हातात धरायला काहीच हरकत नाही.

महालची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांनी तांब्या सोडायला आधी नकार दिला, पण पेल्यातून लहान घोट घेतल्यावर ठसका कमी झाला हे त्यांनीच मान्य केले. प्यायल्यावर त्यांचा आवाज मात्र थोडा घरघरता येतो, हे आता लक्षात आले. त्यांना रात्री तीन गोळ्या असतात, आणि त्या ते अंथरुणावरच, घोटभर पाण्यासोबत घेतात. तेही बदलावे का?

पोटविकारतज्ज्ञ

अवश्य बदलावे. घोटभर पाण्याने गोळी अनेकदा नळीत मध्येच चिकटते आणि तिथे विरघळून अस्तराला जखम करते; डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आणि हाडांसाठी दिली जाणारी अलेंड्रोनेट यांची त्याबाबत विशेष ख्याती आहे. बसून, पुरेशा पाण्यासोबत, एकेक गोळी घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. त्यांना पाण्याचाच त्रास असल्याने ‘पुरेसे पाणी’ लहान घोटांनीच द्या. कॅप्सूल असेल तर मान मागे टाकू नये. ती पाण्यावर तरंगते, म्हणून हनुवटी किंचित खाली ठेवली की ती घशाकडे येते. गोळी कुटून द्यायची झाल्यास आधी डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्या कुटल्या की त्यांचे काम बिघडते.

वाचा-उपचारतज्ज्ञ, नागपूर

घरघरता आवाज म्हणजे गिळून झाल्यावरही थोडे पाणी स्वररज्जूंजवळ रेंगाळते आहे, असे समजावे. तेव्हा ठसका कमी झाला तरी तपासणी टाळू नका. ताप आला, कफ वाढला किंवा जेवताना दम लागू लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तपासणीला येताना त्यांची कवळी असल्यास ती लावून आणा, चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा, आणि ज्या पदार्थांनी ठसका लागतो ते थोडेसे डब्यात घेऊन या. त्यांचा तो तांब्याही आणा, म्हणजे ते नेहमी कसे पितात ते पाहता येईल.